पदवीचा हिशेब मुलींसाठी वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पदवी घेऊन पोरं घरीच बसतात, त्यापेक्षा आयटीआय बरं’ अशा आशयाची पत्रं सध्या आपल्या सदरात वाचतो आहे. मुलांपुरतं त्यात खोटं काही नाही. ठिबकची जोडणी करणारा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरणारा (रिवाइंडिंग करणारा) पोरगा बाविसाव्या वर्षी घरात पैसे देतो, त्याचा बी.ए. झालेला मित्र जळगावात अभ्यासिकेची फी भरत असतो. केंद्राच्या २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत एकूण बेरोजगारी ३.२ टक्के, पदवीधरांची मात्र १३.४ टक्के होती. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले.

पण ही सगळी पत्रं मुलगा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. आमच्या रावेर-यावलकडच्या गावांत बारावी झालेल्या मुलीला ‘कॉलेज की वेल्डिंग’ असं कोण विचारतं? बारावी होते तेव्हाच तिला अठरा पूर्ण होतात, कायद्याची अडचण सरते आणि पाहुणे यायला लागतात. कमाईच म्हणाल तर निंदणी आणि कापूस वेचणी. निंदणीचा रोजही पुरुषाच्या रोजापेक्षा कमीच. कॉलेजात नाव असलं, की ‘अजून शिकतेय’ एवढं उत्तर बापाला तीन वर्षं पुरतं. या तीन वर्षांची किंमत कुठल्या पगाराच्या तक्त्यात मांडणार?

आमच्या गल्लीत बी.कॉम. झालेली एक सून आहे. नोकरी नाही. पण घरच्या केळीचा फळपीक विमा तीच भरते. थंडीची भरपाई महसूल मंडळात नोंदलेल्या तापमानावर ठरते, म्हणून हिवाळ्यात पारा उतरला की आपल्या मंडळाचं तापमान मोबाइलवर बघते आणि तारखेसकट वहीत टिपून ठेवते. भरपाईची यादी लागली की सासरे आधी ती वही मागतात. (एरवी चहा मागतात, तो भाग वेगळा.)

शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली, हे चांगलंच झालं. मात्र खेड्यातल्या मुलीचं घोडं फीपेक्षा एसटीपाशी जास्त अडतं. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीला संपतो. पुढे सवलत असली तरी पैसे मोजावेच लागतात. त्यात संध्याकाळची गाडी दोनदा रद्द झाली, पोरगी अंधारात फाट्यावर उभी राहिली, की तिसऱ्या दिवशी कॉलेज बंद. तिथे पदवीचा उपयोग काय, ही चर्चाच होत नाही.

तेव्हा मोफत पासाची मुदत पदवीपर्यंत वाढवावी. आणि खान्देशातल्या आगारांनी कॉलेज सुटण्याच्या वेळेची मुक्कामी गाडी तरी रद्द करू नये. गाड्या कमी पडत असतील तर दुपारची फेरी तोडावी.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव