वीज मोबाइल शोधत येत नाही

मा. संपादक,
स. न.

वळवाचा पाऊस सुरू झाला की ‘मोबाइलवर बोलताना अंगावर वीज कोसळली’ ही बातमी दरवर्षी येते. गाव, वय, तहसीलदारांचा पंचनामा, सगळे त्यात असते. माणूस उभा कुठे होता हे मात्र शेवटच्या ओळीत, तेही असलेच तर: ‘झाडाखाली’. खरी बातमी तीच असते.

हातातला मोबाइल वीज ओढत नाही. तारेच्या फोनवर बोलणे धोक्याचे, कारण वीज तारेतून घरात शिरू शकते. मोबाइलला तार कुठे आहे? दुपारी तापलेल्या जमिनीवरची दमट हवा झपाट्याने वर चढते, बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. आत बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साचतो. तो जमिनीकडे झेपावतो तेव्हा बहुतेक वेळा उंच वस्तू गाठतो. आपल्याकडच्या सपाट शिवारात उंच म्हणजे बांधावरचे एकटे कडुलिंबाचे झाड, नाहीतर उभा माणूस. पूर्वी ‘पायाळू माणसाला (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याला) वीज धरते’ म्हणत. पायाळूची सुटका झाली, आता मोबाइल सापडला.

या समजाने नुकसान होते. आभाळ भरून आले की लोक फोन बंद करून ठेवतात, आणि नेमका तेव्हाच तो हवा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ अॅप आपल्याभोवती २० ते ४० किलोमीटरवर विजा पडत असल्या की सांगते. ते मराठीतून कळवते, पण बंद फोनला काय कळवणार?

परतीच्या पावसात सोयाबीन काढणी चालू असते. ढग दिसले की सगळे ताडपत्री घेऊन गंजीकडे धावतात. गंजी झाकेपर्यंत पाऊस अंगावर येतो, मग जवळचे झाड गाठतात. कापणीला आलेल्या बायांचे फोन तर बांधावरच्या पिशवीत असतात. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा किंवा देवळाचा भोंगाच उपयोगी, भजनाला लावतो तोच.

अॅप नसले तरी कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. सेकंदांचा आकडा तीसच्या आत आला की काम सोडून पक्के घर किंवा काचा बंद केलेली जीप गाठावी. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणून लगेच गंजीकडे जाण्यातही लोक दगावतात.

आणखी एक. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला ताबडतोब सुरुवात करावी आणि १०८ ला फोन लावावा.

माझी विनंती एवढीच, की अशा बातमीत माणूस कुठे उभा होता हे पहिल्या ओळीत छापावे, आणि मोबाइलचा उल्लेख गाळावा.

– एक शेतकरी वाचक, जि. परभणी