ताईला, बुधवारच्या वर्गाकडून

प्रिय ताई,

वयानं तू माझ्या लेकीएवढी, पण वर्गात सगळेच तुला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पक्ष्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायला शिकवलंस, त्याबद्दल तुझे आभार चार लोकांत मानायचे होते, म्हणून हे पत्र उघडं.

ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. आमच्या ऐरोलीच्या पक्षीमित्रांच्या नोंदवह्या मात्र कपाटातच होत्या. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, किती पक्षी, सगळं हातानं लिहिलेलं. आमच्यातले काहीजण कॉम्प्युटर क्लासला जाऊन आले होते. तिथे गुणपत्रिका नि पगारपत्रकं करून घेत. या वह्यांचं काय करायचं, ते घरी येऊनही उमगत नसे.

तू पहिल्याच तासाला आमच्याच वहीचं पान स्क्रीनवर लावलंस. नोंदी भरून पिव्हट टेबल, म्हणजे नोंदींची गोळाबेरीज करणारा तक्ता केला, तर एकाच पक्ष्याच्या तीन ओळी: रोहित, अग्निपंख, फ्लेमिंगो. इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली असं वाटून माझा जीव खाली-वर झाला. तू शांतपणे शास्त्रीय नावाचा एक रकाना वाढवलास. लहान रोहित म्हणजे फिनिकोनायस मायनर, मोठा म्हणजे फिनिकॉप्टेरस रोझियस. आणि वहीत नुसतंच ‘फ्लेमिंगो’ असेल तिथे? अंदाजानं जात लिहायची नाही, ‘अनिश्चित’ लिहायचं. हा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळही तूच वर्ष आधी लिहायला लावून मिटवलास.

रविवारी पहाटे आम्ही खाडीवर, म्हणून वर्ग बुधवारी रात्री नऊला. तक्ते करायचं लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट, झूमचं खातंही फुकट. त्यावरची मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, म्हणून ३० मिनिटं शिकवणं नि १० मिनिटं शंका, अशी तू आखणी केलीस. दिवसभर नोकरी करून, लोकलनं घरी येऊन तू आमच्यासमोर बसायचीस. एकदाही आवाज चढला नाही. माउस धरताना ज्यांचा हात थरथरायचा, ते काका आज स्वतः आलेख काढतात.

येत्या बुधवारी फिल्टरचा, म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी गाळून बघायचा तास मी घेणार आहे. नऊ वाजता तू नुसती ऐकायला ये.

तुझी,
वर्गातली एक मावशी