वडिलांनी ज्या मासिकाची काळजी केली

पिट्सबर्ग, 12 ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,

गेल्या रविवारी फोनवर आपण विचारलेत की, टायटसव्हिलला पाहण्यासारखे असे काय आहे. एडविन ड्रेकने 1859 साली खोदलेली तेलाची विहीर, एवढेच मी सांगितले. पण मी दोन तास गाडी चालवत गेले होते ती विहिरीसाठी नव्हे, तर एका घरासाठी. पिटहोल नावाच्या गावातले तेल आटले, गाव ओस पडले, तेव्हा तेथले एक मोठे हॉटेल फ्रँकलिन टार्बेल या गृहस्थांनी अवघ्या 600 डॉलरला घेतले आणि त्याचीच लाकडे व दारे-खिडक्या आणून टायटसव्हिलला घर बांधले. त्या घरात वाढलेली त्यांची मुलगी आयडा टार्बेल पुढे ज्या मासिकात लिहू लागली, त्या ‘मॅक्ल्युअर्स’ची हकीकत आपल्याला सविस्तर कळवावी, असे तेथेच ठरवले. ‘माणूस’चे अंक आजही माळ्यावर बांधून ठेवणाऱ्या माणसाला ती सांगितली नाही, तर कोणाला सांगायची?

सॅम्युएल मॅक्ल्युअर हे आयर्लंडहून लहानपणी आलेले, गरिबीत वाढलेले गृहस्थ. 1893 च्या जूनमध्ये, देशभर बँका बुडत असताना, त्यांनी मासिक काढले आणि इतरांची किंमत 25 किंवा 35 सेंट असताना आपली 15 सेंट ठेवली. माणूस मोठा वल्ली. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये आयडाबाईंच्या खोलीचे जिने धावत चढून ते आले, दहाच मिनिटे आहेत म्हणाले, तास न् तास बोलत बसले आणि जाताना चाळीस डॉलर उसने घेऊन गेले. पैसे बुडाले असे बाई धरून चालल्या होत्या. ते लगेच परत आले. पुढे बाईंच्या लिंकनवरील लेखमालेने मासिकाचा खप अडीच लाखांच्या वर नेला.

रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवर लिहिण्याचे ठरले, तेव्हा टार्बेल वडिलांनी मुलीला बजावले होते की, हे करू नकोस, ते लोक तुमचे मासिक बुडवतील. या भीतीला कारण होते. 1872 साली रेल्वे कंपन्या आणि रॉकफेलर यांच्यासह काही मोठे तेलवाले यांच्यात असा गुप्त करार झाला होता की, या गटाला भाड्यात सूट मिळावीच, शिवाय बाहेरच्या लहान तेलवाल्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा याच गटाला मिळावा. म्हणजे आपण आपल्या बैलगाडीचे भाडे भरायचे आणि त्यातले चार आणे शेजारच्या सावकाराच्या खिशात जायचे! लोक पेटून उठल्यावर तो करार मोडला, परंतु सवलतींची रीत काही मोडली नाही.

नोव्हेंबर 1902 ते ऑक्टोबर 1904 या काळात बाईंचे एकोणीस लेख आले. न्यायालयांतल्या साक्षी आणि सरकारी चौकशांचे अहवाल हे त्यांचे मुख्य साहित्य. मला मात्र त्यातला एक पोऱ्या विसरता येत नाही. कंपनीच्या कचेरीतले रद्दी कागद जाळण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या कागदांवर त्याला आपल्या रविवारच्या शाळेतल्या शिक्षकाचे नाव दिसले. हे शिक्षक स्वतंत्रपणे तेल विकत, आणि त्यांचा माल कोठे निघाला याची खबर रेल्वेची माणसे कंपनीला पुरवत होती. पोऱ्याने ते कागद जपून त्यांना नेऊन दिले आणि पुढे ते बाईंच्या हाती आले. एकेका लेखावर मॅक्ल्युअर हजारो डॉलर खर्च करत, कारण लेखकांना शब्दांवर नव्हे तर पगारावर ठेवलेले असे आणि शोधायला हवा तेवढा वेळ दिला जाई. जानेवारी 1903 च्या एकाच अंकात टार्बेल यांचे तेल, लिंकन स्टेफन्स यांची मिनिआपोलिसमधील लाचखोरी आणि रे स्टॅनर्ड बेकर यांचा कोळसा-कामगारांवरील लेख असे तिन्ही एकत्र आले, तेही आधी न ठरवता.

रॉकफेलर यांनी मासिक बुडवले नाही. उलट 1911 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच कंपनीचे 34 तुकडे करवले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एप्रिल 1906 मध्ये अशा पत्रकारांना उकिरडा उकरणारे म्हटले, त्यानेही मासिक पडले नाही. घाव घरातलाच निघाला. जिने धावत चढणाऱ्या मॅक्ल्युअर यांना आता दुसरे मासिक, बँक, विमा कंपनी, लोकांसाठी विद्यापीठ आणि आदर्श वसाहत असे सगळे एकदम हवे झाले. कॉलेजपासूनचे सोबती व भागीदार जॉन फिलिप्स यांनी समजावून पाहिले; अखेर त्या वसंतात ते, टार्बेल, स्टेफन्स आणि बेकर बाहेर पडले आणि त्यांनी दुसरे एक मासिक विकत घेतले. मॅक्ल्युअर नवी माणसे आणत राहिले, पण कर्ज फिटेना, आणि 1911 मध्ये मासिक त्यांच्या हातून गेले. नंतर ते मुख्यतः स्त्रियांसाठीचे मासिक झाले आणि 1929 साली बंद पडले. मला राग येतो तो या शेवटच्या वर्षांचा. नाव तेच ठेवून आत भलतेच भरायचे, त्यापेक्षा सरळ कुलूप लावावे.

जानेवारी 1903 च्या अंकाची प्रत येथील ग्रंथालयातून छापून घेतली आहे. दिवाळीला येताना घेऊन येते. टार्बेल यांचा लेख आधी वाचावा. अक्षर बारीक आहे, म्हणून मोठे करून छापले आहे. आईस साष्टांग नमस्कार.

आपली,
चारू