१९६२ च्या आधी शाळा नव्हती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आमच्या गावच्या प्राथमिक शाळेवरचा लेख वाचला. फोटो छान आलेत, विशेषतः डिजिटल वर्गाचे. पण 'शाळेची स्थापना १ मे १९६२' हे तुमच्या प्रतिनिधींना सांगितले कोणी? त्या दिवशी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, शाळा नव्हे. शाळा आधी लोकल बोर्डाची होती, मग स्कूल बोर्डाची, आणि परिषदेकडे आली ती चांगली चालती. सुनेची जन्मतारीख विचारली तर लग्नाची तारीख सांगतात का कोणी?

मागच्या वर्षी नातीच्या जातपडताळणीसाठी माझ्या वडिलांचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढले. पान उलटताना त्याचा कोपरा तुटून टेबलावरच पडला. वडील बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, दाखल १९३८, शाळा सोडली १९४२, कारण 'गुरे राखणे'. दोन ओळी खाली एका मुलीचे नाव, कारण 'लग्न'. पडताळणी समितीने हा पुरावा मुकाट मान्य केला. तुमच्या लेखाप्रमाणे मात्र वडील शाळा निघण्याच्या चोवीस वर्षे आधीच तिथे जाऊन बसले होते. बहुधा जागा धरायला.

चौकटीत शाळेची 'दृष्टी आणि ध्येय' छापली आहे. सर्वांगीण विकास, एकविसाव्या शतकातील कौशल्ये वगैरे. असू दे. पण दारावर आमच्या वेळी 'जीवन शिक्षण मंदिर' अशी अक्षरे होती, ती गेल्या रंगकामात गेली, त्याचा लेखात उल्लेख नाही. ते नाव शोभेचे नव्हते. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम त्यामागे होती. हाताला काम आणि कामातून शिक्षण. आम्हाला सूत कातायला टकळी होती. सूत तुटले की गुरुजी कापसाचा नवा पेळू हातात देत आणि 'पुन्हा' एवढेच म्हणत. क्षेत्रफळ आम्ही वाफ्यात शिकलो. चौथीचा वाफा इतका लांब, इतका रुंद, वांग्याची रोपे दोन-दोन वितींवर, तर एकूण किती? माझा हिशेब चुकला आणि तीन रोपे उरली. ती मी दप्तरात लपवून घरी नेली. त्या जागी आता पेव्हर ब्लॉक आहेत. तुमच्या फोटोत ते दिसतात, मुले त्यांवर रांगेत उभी आहेत.

शिक्षक 'उपक्रमशील' आहेत असे लिहिलेत, ते खरेच आहेत. पण दोन शिक्षक, चार इयत्ता, आणि दिवसभर कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरणे! जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावायची नाहीत असे शिक्षणहक्क कायदा म्हणतो. प्रतिनिधी तिथवर गेलेच होते, तर एवढे विचारायला काय हरकत होती?

तारखेची दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि जागा नाही असे कळवू नये, कारण त्याच पुरवणीत शब्दकोड्याचे उत्तर सलग दुसऱ्या आठवड्यात गायब आहे. तेवढी जागा नक्की शिल्लक असेल.

आपला,
त्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी
(जन्मतारीख गुरुजींनी लावलेली, अर्थातच १ जून)