लपवलेल्या तापाबद्दल

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

ताप पुन्हा आला नाही ना? तिकडे एडिंबरात एवढी पडून होतीस आणि आम्हाला कळलं ते केतकीच्या आईकडून, भर मंडईत. तुझी आई भाजीची पिशवी तिथंच विसरून घरी आली. असो. रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी बार्लीचं गरम सूप आणून दिलं, त्यांना एकदा पोहे करून घाल. मिरची बेतानं. त्यांनी तुला सांगितलेला स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीतला तो जुना शब्द, 'बील्ड', माझ्या डोक्यातून जात नाही. वाऱ्या-बर्फात मेंढरांना आडोसा देणारी डोंगरातली दगडी भिंत म्हणजे बील्ड, आणि अडचणीत पाठीशी उभं राहणारं माणूसही बील्डच. मग मीही शोधून वाचलं. 'अजिबात आडोसा नसण्यापेक्षा एवढंसं झुडूप बरं' ही तिकडची म्हण कवी रॉबर्ट बर्न्सनं 1794 मध्ये स्वतःच्या शिक्क्यासाठी निवडली होती. दोनच वर्षांनी गेला बिचारा, आजारपणात, अवघ्या 37व्या वर्षी. हे कशाला लिहिलं मी! तू मनावर घेऊ नकोस. पण डॉक्टरकडे नाव नोंदवलंस का?

वारा सुटला की मेंढी आपणहून भिंतीआड जाते, तिला शिकवावं लागत नाही. तुम्ही शिकलेली माणसं मात्र कुणाला त्रास नको म्हणून... बघ, सुरू झालं माझं कीर्तन. माफ कर.

1972 च्या दुष्काळात तुझी आजी खडी फोडायला जायची. एकदा हातोडी निसटली, अंगठा ठेचला, नख काळंनिळं. फडकं गुंडाळून ती तशीच बसली होती. तानूआत्यानं विचारल्यावर मात्र लपवलं नाही. पुढं बरेच दिवस आत्यानं स्वतःचा ढीग लावून आजीचाही लावला, मुकादमाच्या मापात कमी पडू दिला नाही. दुष्काळी कामावर खायला मिळायची, त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. अप्पांनी तर बरं नसलेलं कधी कुणाला सांगितलंच नाही, ते तुला ठाऊकच आहे.

तुझ्या प्रबंधाचं तिकडे कौतुक झालं, हे दूधवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आई म्हणते, आता पुरे.

डिसेंबरात एडिंबरात चारच्या आतच अंधार पडतो म्हणालीस. संध्याकाळी खोलीत एकटी बसू नकोस. आजीबाईंचा नंबर पाठव. मी उगाच फोन करणार नाही. आई करेल.

तुझे बाबा