ताडोबाला निघण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायला गेलं की आई "हो गं, हो" म्हणते आणि विषय भाजीच्या भावावर नेते. म्हणून हे कागदावर.

मे महिनाच का धरलात ते कळतं. पाणवठे आटले की वाघ उरल्या पाण्यावर येतो. पण चंद्रपूरकडे तेव्हा पारा ४५ च्या वर असतो. वाघाची मला काळजी नाही, सफारीच्या जिप्सीतून उतरला नाहीत की झालं. काळजी आहे ती आईच्या न प्यायलेल्या पाण्याची.

आई, अष्टविनायकाच्या गाडीत "वाटेत जायचं कुठे?" म्हणून तू दिवसभरात दोन घोट प्यायलीस. रात्री भोवळ आली, पायात गोळे आले, पलंगाची कड धरून बसलीस. त्यात तुझी बीपीची गोळी लघवी वाढवणारी. उन्हात तिचं काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचार. मनाने बंद करू नकोस. गेटवर लागलं नाही तरी जाऊन ये. आत कुठे उतरू देतात ते गाईडला आधीच विचार, लाजू नकोस, त्याला रोज विचारतात. आणि बाटली मांडीवर ठेव, पिशवीच्या तळाशी नको.

बाबा, तुमचं वेगळंच. पहाटे पाचला गेटवर जायचं म्हणून सवयीने मधुमेहाची गोळी घ्याल आणि नाश्ता थेट दहाला. मध्येच हात थरथरले, घाम फुटला तर तो उन्हाचा समजू नका, रक्तातली साखर उतरलेली असते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. खिशात साखरेची पुडी हवीच. गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, फ्रीझरमध्येही नको.

सगळ्यात मागच्या सीटवर बसू नका, धक्के कमरेला बसतात. धुळीसाठी सुती पंचा पुरे. दुपारची फेरी मात्र सोडाच, एवढं ऐका. पैसे गेले तर जाऊ देत.

कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागात, मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा मध्येच माझा फोन लागला नाही तर घाबरू नका. बाहेर आलात की तुम्हीच करा. आणि मूळ आधार कार्ड बाबांच्या पाकिटात, गेल्या वेळेसारखं कपाटात नाही.

तुमची,
ताई