एकजूट युद्धाआधीच हवी

महोदय,

युक्रेनच्या बातम्या आपण रोज वाचतो; पण युद्ध स्वतःच्या दारात येऊ नये म्हणून ज्यांनी कंबर कसली आहे, त्या रशियाच्या सीमेवरील बाल्टिक देशांबद्दल आपल्याकडे फारच कमी छापून येते. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया या तिघांची मिळून लोकसंख्या साधारण ६० लाख, म्हणजे मुंबईच्या निम्मी. तिघांपैकी एकाकडेही स्वतःची लढाऊ विमाने नाहीत.

१९३४ मध्ये या तिघांनी सहकार्याचा करार केला खरा, पण त्यात संरक्षणाचे कलमच नव्हते. १९३९ मध्ये मॉस्कोने एकेकाला वेगळे गाठले. २८ सप्टेंबरला एस्टोनियाने, ५ ऑक्टोबरला लॅटव्हियाने आणि १० ऑक्टोबरला लिथुआनियाने सोव्हिएत फौजांना तळ देण्याचे मान्य केले. जून १९४० मध्ये तिन्ही देश गिळंकृत झाले. एकत्र राहिले असते तर वाचलेच असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण एकेकटे असल्याने सौदा करण्याची ताकदच उरली नव्हती.

आता चित्र वेगळे आहे. २००४ मध्ये तिघे नाटोत आले, तेव्हापासून मित्रदेशांची विमाने पाळीपाळीने त्यांच्या आकाशावर पहारा देतात. २०१७ पासून एस्टोनियात ब्रिटन, लॅटव्हियात कॅनडा आणि लिथुआनियात जर्मनीच्या नेतृत्वाखालील तुकड्या आहेत. यामुळे रशियाला डिवचले जाते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. सुरुवातीला हजार-बाराशे सैनिकांच्या असलेल्या या तुकड्या रशियावर चाल करून जातील, असे कोण म्हणेल? हल्ला झालाच तर पहिल्याच दिवशी अनेक देशांचे सैनिक त्यात ओढले जातील, हीच त्यांची जरब.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती विजेची गोष्ट. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यानंतरही तीन दशके या देशांच्या ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी (जी सतत ठरावीक ठेवावी लागते) मॉस्कोतून सांभाळली जात होती. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिघांनी एकाच वेळी रशियाशी जोडलेल्या वाहिन्या तोडल्या, दिवसभर स्वतःच्या बळावर ग्रिड चालवले आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडशी ते जोडले. यामागे कित्येक वर्षांची तयारी होती, आणि शेजारी पोलंडच्या साथीशिवाय हे जमलेच नसते.

रणगाडे आणि क्षेपणास्त्रांच्या बातम्यांइतकीच जागा अशा तयारीलाही आपल्या पानांवर मिळावी, ही विनंती.

— एक नियमित वाचक, सातारा